ऑनलाइन कॅसिनोचा बोनस आणि अडकलेले पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, लेस्टर, मँचेस्टरकडची ओळखीची मुलं गेली काही वर्षं मला फोनवर स्क्रीनशॉट पाठवतात. "काका, जिंकलो होतो, पण पैसे देत नाहीत." मी वकील नाही. हिशेबनीस आहे, आणि बारीक अक्षरातलं वाचायची खोड आहे. खालचे प्रश्न याच फोनांमधले आहेत. उत्तरं मुख्यतः इंग्लंड-वेल्सच्या कायद्याची आहेत, कारण या विषयावरचे महत्त्वाचे निकाल तिथेच लागले. भारतातून खेळणाऱ्यांची गोष्ट अगदीच वेगळी, ती पुढे येईल.

बोनस कंपनीने आपणहून दिला. मग तो माझा का नाही?

कारण तो अजून दिलेलाच नसतो. खात्यावर "५० पौंड बोनस" असं दिसतं तो एका कराराचा आकडा असतो: इतक्या दिवसांत, या खेळांवर, एवढी रक्कम लावा, मग जे उरेल ते तुमचं. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्याला माहीत आहे. इथे आवळासुद्धा नुसता दाखवतात, हातात देतात कोहळा मिळाल्यावर.

काही बोनस अटी पूर्ण झाल्यावर खऱ्या पैशांत बदलतात. काही कधीच बदलत नाहीत, त्यावर जिंकलेलं तेवढं काढता येतं आणि बोनस परत वजा होतो. दोन्ही प्रकार कायदेशीर आहेत. अटी आहेत म्हणून चिडण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच: तुमचे पैसे खाणारी अट पैसे भरण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर होती का, आणि वाचून तिचा अर्थ लागत होता का? पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच प्रश्नावर येतात.

"३५ पट वेजरिंग" म्हणजे नक्की किती पैसे फिरवायचे?

कागद-पेन घ्या. तुम्ही ५० पौंड भरले, "१०० टक्के बोनस" म्हणून आणखी ५० मिळाले, आणि वेजरिंगची, म्हणजे पैसे काढण्याआधी एकूण किती लावायचे याची, अट ३५ पट आहे. आता आधी पाहायचं की कशाच्या ३५ पट. नुसत्या बोनसच्या असेल तर १,७५० पौंड लावायचे. भरलेली रक्कम अधिक बोनस असेल तर ३,५००. जाहिरातीत दोन्हीकडे "३५" एवढंच ठळक असतं.

स्लॉट म्हणजे चित्रांची चाकं फिरवायचा खेळ. त्याचा परतावा ९६ टक्के धरू. म्हणजे लावलेल्या दर शंभरातले चार पौंड सरासरीने कॅसिनोकडे राहतात. १,७५० चे चार टक्के म्हणजे ७० पौंड. पन्नासचा बोनस मोकळा करायला सरासरी सत्तर पौंड जातात! ३,५०० च्या अटीत हाच आकडा १४० होतो, आणि तुमचे पन्नास व त्यांचे पन्नास मिळून खात्यात असतात शंभर. बहुतेकांचं खातं वाटेतच रिकामं का होतं, हे यात आलं.

मग कोणी हुशारीने म्हणतो, मी पत्त्यांचा ब्लॅकजॅक खेळेन, तिथे कॅसिनोचा वाटा कमी. खरं आहे, नीट खेळणाऱ्यासमोर तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पण अटींच्या तक्त्यात ब्लॅकजॅकपुढे बरेचदा "१० टक्के" लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर पौंड लावले की दहाच मोजले जाणार. १,७५० पूर्ण करायला १७,५०० पौंड लावावे लागतील, आणि त्याचा अर्धा टक्का होतो साडेसत्त्याऐंशी पौंड. स्लॉटपेक्षाही महाग. हा तक्ता बनवणाऱ्याने हे गणित तुमच्याआधी करून ठेवलेलं असतं.

रूलेट, म्हणजे फिरत्या चक्रावरचा लाल-काळ्या घरांचा खेळ, बऱ्याच ठिकाणी मोजतच नाहीत.

पण आता दहा पटीची मर्यादा आली ना?

हो, ग्रेट ब्रिटनमध्ये. तिथे जुगाराचे परवाने देणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने मार्च २०२५ मध्ये ती जाहीर केली आणि १९ जानेवारी २०२६ पासून लागू केली. बोनसच्या दहा पटींहून जास्त रक्कम लावायला भाग पाडता येत नाही. वरचाच हिशेब पुन्हा मांडा: ५० च्या बोनसवर ५०० पौंड, त्याचे चार टक्के २० पौंड, म्हणजे सरासरीने तीसएक पौंड उरतात. बोनस या शब्दाला थोडा अर्थ आला म्हणायचं.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट बंद झाली: "फुटबॉलवर पैज लावा, मग स्लॉटचे फिरकी-डाव फुकट" अशा मिसळ योजना. क्रिकेटच्या पैजेवरून आत आलेला माणूस स्लॉटपर्यंत न्यायचा, ही ती वाट होती.

हे फक्त ब्रिटिश परवाना असलेल्यांना लागू. तुमच्या फोनवर अजूनही "६० पट" दिसत असेल तर ती साइट कुठली आहे ते आधी पाहा.

माझे स्वतःचे भरलेले पैसे तरी मला केव्हाही काढता येतात?

यायला हवेत, आणि हे भांडून मिळालेलं आहे. पूर्वी काही ठिकाणी बोनस स्वीकारला की तुमची जमासुद्धा त्याच साखळीत अडकायची. अटी पूर्ण होईपर्यंत स्वतःचेच पैसे परके.

सीएमए, म्हणजे ब्रिटनमधली स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणारी संस्था, हिने ऑक्टोबर २०१६ मध्ये गॅम्बलिंग कमिशनच्या साथीने चौकशी सुरू केली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या तीन कंपन्यांनी लेखी हमी दिली. त्यात तीन मुद्दे होते. स्वतःचे पैसे काढण्यासाठी खेळाडूला पुन्हा पुन्हा खेळायला लावायचं नाही. खेळण्यावर जी बंधनं आहेत ती स्पष्ट सांगायची, मोघम अटींचा आधार घेऊन पैसे जप्त करायचे नाहीत. आणि जिंकणाऱ्याला जबरदस्तीने प्रसिद्धीत ओढायचं नाही. तिसरा वाचून मला हसू आलं होतं. लॉटरी लागल्यावर पाहुणे दारात येण्याआधी खिडक्या लावणारी आपली माणसं आठवली.

या हमीनंतर कमिशनने इतर परवानाधारकांकडूनही हीच अपेक्षा ठेवली. व्यवहारात लक्षात ठेवायचं ते असं: आधी तुमचे पैसे खर्ची पडतात आणि मग बोनस, अशी रचना असेल तर बोनसला हात लागण्याआधी तुम्ही उरलेली जमा आणि त्यावर जिंकलेलं घेऊन बाहेर पडू शकता. बोनस मात्र जातो. जाऊ द्या.

एक डाव पाच पौंडांपेक्षा मोठा लागला म्हणून सगळी रक्कम रद्द केली. हे बरोबर आहे का?

हे माझ्याच बाबतीत झालंय, म्हणून जरा सविस्तर.

बोनस चालू असताना एका डावाला कमाल ५ पौंड, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. मोठे डाव लावून नशीब एकदाच आजमावायचं आणि निघून जायचं, असं कोणी करू नये म्हणून. हेतू समजण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका संध्याकाळी वीस पौंडांच्या बोनसवर खेळत होतो. एका खेळात "फीचर खरेदी करा" असं, म्हणजे खेळातली खास फेरी विकत घ्यायचं, बटण होतं, ते दाबलं, सहा पौंड गेले. पडद्यावर काहीही आलं नाही, ना लाल अक्षरं ना इशारा. खेळ सुरळीत चालू राहिला. तासाभराने २४० पौंड झाले, काढायला गेलो, आणि दोन दिवसांनी ईमेल: कमाल रकमेचा भंग, जिंकलेली रक्कम रद्द.

मी लिहून एकच विचारलं. तुमच्या यंत्रणेला माझ्या खात्यावर बोनस आहे हे ठाऊक होतं, मर्यादा पाच आहे हे ठाऊक होतं, मी सहा लावले हेही ठाऊक होतं. मग तिने डाव घेतला कशाला? हरलो असतो तर ते सहा पौंड परत दिले असते का? पहिलं उत्तर छापील आलं, दुसरंही. तिसऱ्यांदा मी त्रयस्थ निवाड्याकडे जातो म्हटलं आणि गेलो. निवाडा लागायच्या आत पैसे खात्यात आले, "सदिच्छा म्हणून". कबुली नाही, खुलासा नाही.

एवढ्यावरून प्रत्येक वेळी असंच होईल असं समजू नका. अट ऑफरच्या पानावरच ठळक असेल आणि तुम्ही वीसवीसचे चाळीस डाव लावले असतील, तर तुमची बाजू पडकी आहे. पण हरलेले मोठे डाव चालतात आणि जिंकलेला तेवढा भंग ठरतो, अशा अटीला एकतर्फी म्हणायला जागा आहे. तक्रारीत हाच मुद्दा पुढे करा.

"अनियमित खेळ" म्हणजे काय?

पैसे नाकारताना कंपनी हा शब्द वापरते, तर अर्थही तिनेच सांगायचा असतो. नुसतं "अनियमित खेळ आढळला" असं उत्तर आलं तर कुठला डाव, किती वाजता, कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. २०१८ च्या हमीतला मोघम अटींचा मुद्दा असल्याच शब्दांना लागू पडतो. रूलेटवर लाल आणि काळ्यावर एकदम पैसे लावणं वगैरे युक्त्या अटींत नावानिशी मना केलेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

अट "अन्याय्य" आहे हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

शेवटी न्यायालय, २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टवरून. कलम ६२ ची कसोटी साध्या मराठीत अशी: सचोटी सोडून, दोघांच्या हक्क-जबाबदाऱ्यांचा तोल ग्राहकाच्या तोट्याकडे लक्षणीय झुकवणारी अट त्याच्यावर बंधनकारक नाही. कलम ६८ म्हणतं, भाषा साधी आणि समजेल अशी हवी. कलम ६९ माझ्या फार आवडीचं: एका अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या फायद्याचा अर्थ धरायचा.

याच्याही आधीचा एक जुना नियम आहे, लॉर्ड डेनिंग यांच्या १९५६ च्या निकालातला. काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून शेजारी बोट दाखवणारा लाल हात काढल्याशिवाय ग्राहकाला त्यांची कल्पना दिली असं म्हणता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं होतं. तेव्हापासून वकील मंडळी याला "लाल हात" म्हणूनच ओळखतात. तो खटला गोदामात ठेवलेल्या पिंपांचा होता. सत्तर वर्षांनी तोच हात मोबाइलवरच्या स्लॉटकडे वळलाय.

आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची. २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टच्या कलम ३३५ मुळे ग्रेट ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २००७ पासून जुगाराचा करार न्यायालयात वसूल करता येतो. त्याआधी असली देणी वसूल करायला न्यायालयाचं दारच उघडत नव्हतं. हे कलम नसतं तर पुढचा एकही खटला उभा राहिला नसता.

पडद्यावर दहा लाख दिसले, खात्यात आले वीस हजार. कोणतं खरं?

यावर तीन खटले माहीत असायला हवेत, आणि तिन्हींचं उत्तर एक नाही.

पहिला ग्रीन विरुद्ध पेटफ्रे. पेटफ्रे म्हणजे बेटफ्रेड ही पैजांची कंपनी. लिंकनशरचा ग्रीन हा गृहस्थ जानेवारी २०१८ मध्ये मोबाइलवर ब्लॅकजॅकचा एक खेळ खेळत होता आणि त्याच्या खात्यात सतरा लाख पौंडांहून जास्त जमले. कंपनी म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता, पैसे मिळणार नाहीत. तडजोड म्हणून आधी तीस हजार देऊ केले, मग साठ, बोलायचं नाही या अटीवर. त्याने नाकारले. तीन वर्षं भांडला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायमूर्ती फॉस्टर यांनी पूर्ण सुनावणी न घेताच त्याच्या बाजूने निकाल दिला. बिघाडाची जबाबदारी झटकणारी कलमं होती, पण पानोपानी गच्च भरलेल्या, पुन्हा पुन्हा तेच सांगणाऱ्या मजकुरात गाडलेली. "मी वाचलं आणि मान्य आहे" यावर टिचकी मारली म्हणून ती त्याच्यावर लादता येत नव्हती, आणि त्यांचा अर्थही कंपनी म्हणते तसा लागत नव्हता.

दुसरा पार्कर-ग्रेनन विरुद्ध कॅमलॉट. ऑगस्ट २०१५, कॅमलॉट तेव्हा चालवत असलेल्या नॅशनल लॉटरीचा पाच पौंडांचा ऑनलाइन झटपट खेळ. बाईंच्या पडद्यावर दहा पौंड जिंकल्याचं चमकलं. पण त्याच पडद्यावर आणखी दोन आकडे जुळत होते आणि त्यांच्याखाली दहा लाख पौंड लिहिलं होतं. कोडमधल्या चुकीने चित्र चुकलं होतं. निकाल आधीच संगणकात ठरलेला होता, दहा पौंडांचा. त्या हरल्या, आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयातही हरल्या. इथे न्यायालय म्हणालं की टिचकीने अटी करारात आल्या, त्या तितक्या जाचक नव्हत्या, आणि नियमांप्रमाणे बक्षीस दहा पौंडांचंच होतं.

तिसरा डर्बर विरुद्ध पीपीबी, म्हणजे पॅडी पॉवर ही पैजांची कंपनी. ऑक्टोबर २०२०, ग्लॉस्टरशरमधल्या बाई "वाइल्ड हॅटर" नावाच्या खेळात चक्र फिरवत होत्या. चक्र थांबलं सगळ्यात मोठ्या जॅकपॉटवर: १०,९७,१३२ पौंड आणि ७१ पेन्स. खात्यात आले २०,२६५ पौंड १४ पेन्स. कंपनीचं म्हणणं, मुख्य संगणकाने रोजचा छोटा जॅकपॉटच काढला होता, चित्राशी जोडणी चुकली. ५ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती रिची यांनी उरलेली रक्कम द्यायला लावली. खेळाच्या नियमांत चक्रच बक्षीस ठरवतं असं असताना, जे दिसतं तेच मिळतं असं कुठलाही साधा खेळाडू धरणार, हे त्यांनी मान्य केलं. जबाबदारी झटकणारं कलम त्या बाईंच्या नजरेस नीट आणलंच नव्हतं.

मग दुसरी हरली आणि तिसरी का जिंकली? माझं वाचन असं. लॉटरीच्या पडद्यावर दोन गोष्टी होत्या आणि नियमांनुसार ज्याला जिंकणं म्हणायचं ती गोष्ट दहाच पौंड सांगत होती. चक्राच्या खेळात पडद्यावर एकच गोष्ट होती, आणि ती खोटी ठरवायला कंपनीला अशा कागदाकडे जावं लागलं जो बाईंनी पाहिलाच नव्हता. म्हणून पैसे अडकले की स्क्रीनशॉट काढताना नुसता आकडा नको. खेळाचे नियम दाखवणारं पान, त्या दिवशीचं, तेही घ्या. पुढच्या आठवड्यात ते बदललेलं असू शकतं.

म्हणजे कॅसिनोची चूक झाली की पैसे आपले?

नाही. फिल आयव्ही या नावाजलेल्या पोकरपटूने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात पुंतो बांको हा पत्त्यांचा खेळ खेळून ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कडेला किंचित असमान होती. ती ओळखायची आणि पत्ते वाटणारीकडून "नशिबासाठी" म्हणून ठरावीक पानं फिरवून घ्यायची, अशी युक्ती. क्लबने त्याला त्याने लावलेले पैसे परत केले, जिंकलेले दिले नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लबची बाजू घेतली: ही फसवणूक आहे, आयव्हीला ती तशी वाटत नसली तरी. ग्रीनने असलं काही केलं नव्हतं. त्याने समोरची बटणं दाबली, बस.

पैसे भरताना काही विचारलं नाही, काढताना पासपोर्ट, पगारपत्रक, बँकेचा उतारा सगळं मागतात.

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. ब्रिटनमध्ये ७ मे २०१९ पासून नाव, पत्ता, जन्मतारीख यांची खातरजमा खेळ सुरू होण्याआधीच करावी लागते. जी माहिती आधी मागता आली असती, ती न दिल्याचं कारण काढून पैसे अडवता येत नाहीत. पण मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली पैशांचा स्रोत विचारणं हे त्यांचं बंधन आहे आणि ते केव्हाही येऊ शकतं. त्यामुळे भांडण "मागू नका" असं नसावं. "नेमकं काय हवं ते एकदाच सांगा आणि किती दिवसांत उत्तर देणार तेही" असं असावं. आपल्याकडच्या लोकांची नेहमीची गोची म्हणजे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि बँकेत नाही. खातं उघडताना पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा.

पैसे निघायला तीन दिवस, आणि तोवर "विनंती मागे घ्या" असं बटण?

ते बटण आता नसायला हवं. काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढून घेण्याची सोय कमिशनने २०२१ मध्ये बंद केली. दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि कळवा.

तक्रार करायची कुठे? वकील लागतो का?

सुरुवातीला नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, विषयात "तक्रार" हा शब्द घालून. गप्पांच्या खिडकीत केलेली कुरकुर धरली जात नाही. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, किंवा त्यांनी आधीच शेवटचं उत्तर दिलं, की त्रयस्थ निवाड्याकडे जा. आयबास, ईकोग्रा अशा मान्यताप्राप्त संस्था आहेत. कुठली, ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. खेळाडूला यासाठी फी नाही. गॅम्बलिंग कमिशन स्वतः तुमचे पैसे मिळवून देत नाही, पण कळवलेलं वाया जात नाही. परवान्यावर कारवाई करताना अशा नोंदी उपयोगी पडतात.

मधल्या काळात एक काम करा. डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्या खात्याची सगळी माहिती मागवा: डावांची नोंद, बोनसच्या वेळा, ईमेल, चॅट. सर्वसाधारणपणे एक महिन्यात द्यावी लागते. छापील उत्तरं देणारी माणसं हा अर्ज गेला की एकदम नावाने बोलायला लागतात, असा माझा अनुभव.

तरीही नाही जमलं तर इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे न्यायालयाच्या छोट्या दाव्यांच्या वाटेने, वकिलाशिवाय चालतो. करारभंगासाठी सहा वर्षांची मुदत आहे, स्कॉटलंडमध्ये पाच.

साइट कुरसाव किंवा माल्टाची आहे. हेच नियम?

ब्रिटनमधल्या खेळाडूंना खेळ देणाऱ्या प्रत्येकाला ब्रिटिश परवाना लागतो, कचेरी माल्टात असली तरी. कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव शोधा. सापडलं तर वरचं सगळं लागू. नाही सापडलं तर मी तुमचा वेळ घालवत नाही: कुरसावच्या परवान्यावर चालणाऱ्या साइटकडून ब्रिटनमधल्या खेळाडूने पैसे वसूल करणं म्हणजे आडातच नाही तिथे पोहऱ्यात पाहणं. माल्टाने तर २०२३ मध्ये कायद्यात कलम घालून, आपल्या परवानाधारकांविरुद्धचे काही परदेशी निकाल आपल्याकडे अमलात येणार नाहीत अशी सोय केली.

मी पुण्यात राहतो. ग्राहक न्यायालयात जाऊ का?

भारतात पायाच वेगळा आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार निरर्थक आहे आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. (घोड्यांच्या शर्यतीच्या ठरावीक बक्षिसांना तेवढी सूट.) जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ चा आणखी कडक कायदा होता: पैजेच्या आसपासचे करारसुद्धा निरर्थक. म्हणजे अट न्याय्य की अन्याय्य हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण करारच नाही.

त्यावर आता २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा, राष्ट्रपतींची मंजुरी २२ ऑगस्टची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, त्यासाठीचे पैसे पुढे पाठवणाऱ्या बँकांनाही मनाई. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण संरक्षणही नाही. शिवाय फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २००० च्या नियमांनी लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहेच.

"आमच्याकडे गोव्याचा परवाना आहे" असं कोणी सांगितलं तर हसा. गोव्यातला परवाना मांडवीतल्या जहाजांचा आणि पंचतारांकित हॉटेलांचा, १९७६ च्या कायद्यात नव्वदच्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांवर उभा. मोबाइलवरच्या कॅसिनोचा नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं.

ॲप म्हणतं, आधी ३० टक्के कर भरा मग जिंकलेले चार लाख सोडतो.

भरू नका. कर कापून उरलेली रक्कम देतात. कर आगाऊ यूपीआयने मागत नाहीत. हे बोनसच्या अटींचं भांडण नाही, सरळ चोरी आहे. ते चार लाख कधी नव्हतेच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन करा. पहिल्या काही तासांत बँकेला रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आम्ही चौघं एकाच घरात राहतो, वायफाय एक. चौघांनी बोनस घेतला आणि चौघांचीही खाती बंद झाली.

"एक घर, एक बोनस" ही अट जवळजवळ सगळीकडे असते, आणि ती सहसा ठळक असते, त्यामुळे बोनस आणि त्यावर जिंकलेलं यासाठी भांडण्यात फारसा दम नाही. चौघांनी स्वतः भरलेले पैसे मात्र परत मागा, प्रत्येकाने वेगळ्या ईमेलवरून, आपापल्या भाडेकराराची प्रत जोडून. वेगवेगळी माणसं आहेत हे दाखवणारा तोच सर्वांत सोपा कागद. एकाच्या कार्डावरून चौघांनी पैसे भरले असतील तर आधी मला फोन करा, लिहिण्याआधी.